बस का येत नाही? रांगेतल्या माणसासाठी बेस्टच्या कराराचा हिशेब

'बेस्टच्या ताफ्यात नव्या वातानुकूलित बस दाखल.' ही बातमी मुंबईत अधूनमधून येतच असते. सोबत फोटो: हार घातलेली बस, हिरवा झेंडा, ओळीने उभे पुढारी. त्याच संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या स्टॉपवरची रांग मात्र पानाच्या टपरीला वळसा घालून गेलेली असते, आणि रांगेतलं कुणीतरी हटकून म्हणतं, "अहो, एवढ्या बस आणतात, मग त्या जातात कुठे?"

प्रश्न रास्त आहे. ट्रॅफिक, खड्डे, मेट्रोची कामं ही कारणं खरी आहेत, पण ती अर्धीच. उरलेलं अर्धं कारण एका करारात आहे. त्याला बेस्टमध्ये आणि पेपरांत 'वेट लीज' म्हणतात, साध्या बोलीत भाडेतत्त्वावरची बस. हा करार नेमका कसा चालतो हे एकदा बघितलं, की ताफा वाढल्याच्या बातम्या येत असतानाही रांग का वाढते हे कळायला लागतं.

आधी बस कुणाची ते बघू. समोर आलेल्या लाल बसवर बेस्टचं नाव आहे, पुढे पाटीवर नंबर आहे. आत दोन माणसं आहेत, ड्रायव्हर आणि कंडक्टर. पूर्वी दोघंही बेस्टचे असायचे, दोघांचा पगार एकाच ठिकाणाहून व्हायचा. आता बहुतेक बसमध्ये कंडक्टर बेस्टचा आणि ड्रायव्हर कंत्राटदाराचा. बस विकत घेतली कंत्राटदाराने. देखभाल त्याची, टायर फुटला तर खर्च त्याचा. लग्नाला आपण ड्रायव्हरसकट गाडी ठरवतो, किलोमीटरप्रमाणे पैसे देतो, आणि गाडीत दोन वऱ्हाडी बसले की सहा याच्याशी गाडीवाल्याला देणंघेणं नसतं, तसाच हा व्यवहार. मार्ग आणि वेळापत्रक बेस्ट ठरवते, तिकिटाचे पैसे बेस्टच्या गल्ल्यात जातात, आणि बस जितके किलोमीटर धावली त्या हिशेबाने कंत्राटदाराचं बिल होतं.

म्हणून तर कंडक्टरला विचारलं, "काय हो, मागच्या स्टॉपवर बस थांबली का नाही?" की बरेचदा एकच उत्तर मिळतं: "ड्रायव्हर कंपनीचा आहे, मी काय बोलणार?" ते उडवाउडवीचं वाटतं, पण खरं असतं. त्या बसमध्ये दोन मालकांची दोन माणसं काम करत असतात आणि एकाला दुसऱ्यावर हुकूम चालवता येत नाही.

आता यातली खरी गोम. बस आलीच नाही, तर कुणाचं काय बिघडतं?

कंत्राटदाराला त्या फेरीचे पैसे मिळत नाहीत, करारात असेल तर दंडही बसतो. पण बस नादुरुस्त आहे, ड्रायव्हर रजेवर आहे, पर्यायी माणूस ठेवायचा तर खर्च आहे, अशा वेळी एखादी फेरी सोडून देणं त्याला स्वस्त पडू शकतं. तुम्ही रांगेत किती जण होता याने त्याच्या बिलात एक रुपयाचा फरक पडत नाही. तिकीट त्याचं नाहीच.

आणि बेस्टचं? तिकडे तर गणित उलटंच आहे. सोपे आकडे घेऊ, नुसते हिशेबासाठी. समजा एक बस एक किलोमीटर चालवायला सगळं धरून शंभर रुपये लागतात. पाच किलोमीटरच्या फेरीला पाचशे. पाच रुपये भाडं असताना त्या बसमध्ये पन्नास माणसं चढली तर अडीचशे रुपये गोळा होणार. म्हणजे खचाखच भरलेली बससुद्धा निम्म्याने तोट्यात. दहा रुपये भाडं केलं तर पन्नास माणसांवर कसंबसं बरोबरीत, पण दुपारी दोनच्या बसमध्ये पन्नास माणसं असतात कुठे? तेव्हा बेस्टच्या हिशेबाच्या वहीत प्रत्येक फेरी म्हणजे थोडा तोटा, आणि न धावलेली फेरी म्हणजे वाचलेला खर्च.

बेस्टमधले लोक मुद्दाम फेऱ्या बुडवतात असं मला म्हणायचं नाही. आगारातल्या माणसांची रोजची ओढाताण ज्याने पाहिली असेल तो असं म्हणणारही नाही. मुद्दा एवढाच, की व्यवस्थाच अशी बांधली आहे की बस न आल्याचा फटका दोन्ही पक्षांना सोसवेल इतका बसतो. पुरता फटका बसतो तो फक्त तिसऱ्याला. आणि करारावर तिसऱ्याची सही नसते.

इथवर आलो कसे

मुंबईत पहिली मोटारबस 15 जुलै 1926 ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली. तेव्हा बेस्ट ही खासगी कंपनी होती, वीज आणि ट्राम दोन्ही तिच्याकडे. 7 ऑगस्ट 1947 ला महापालिकेने ती ताब्यात घेतली. 31 मार्च 1964 ला शेवटची ट्राम धावली, बस आणि वीज उरली. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत शहर भागातली वीज बेस्टची, आणि बस मात्र साऱ्या मुंबईभर.

या जोडीतच बेस्टचं गुपित होतं. विजेच्या धंद्यात पैसे सुटायचे, बसच्या धंद्यात जायचे, आणि एकाची भर दुसऱ्याला मिळायची. बसचा तोटा हा तेव्हाही होताच, फक्त तो झाकला जायचा. 2003 च्या वीज कायद्यानंतर चित्र पालटलं. शहरातल्या वीजग्राहकाने उपनगरातल्या बसप्रवाशाचा तोटा का भरावा, हा वाद वर्षानुवर्षं चालला आणि शेवटी वीजबिलातून बसचा तोटा वसूल करणं बंद झालं. एक खिसा शिवून टाकला म्हणा ना. दुसऱ्या खिशात काय घालायचं ते मात्र कुणी नीट ठरवलं नाही.

मग सुरू झालं महापालिकेकडे हात पसरणं. 2025-26 च्या महापालिका अर्थसंकल्पात बेस्टसाठी 1,000 कोटी रुपये ठेवले गेले. रक्कम ऐकायला मोठी आहे. पण ती अनुदान म्हणून येते, हक्काचं उत्पन्न म्हणून नाही. यंदा किती, पुढल्या वर्षी किती, कधी हातात पडणार, यावर आगाराचं नियोजन अवलंबून. लोकलला रेल्वे आहे, मेट्रोला एमएमआरडीए आणि एमएमआरसी ही सरकारी मंडळं आहेत, कर्ज देणाऱ्या परदेशी संस्था आहेत. बसला दरवर्षी नव्याने मागावं लागतं.

भाड्याचा इतिहासही याच काळातला. जानेवारी 2019 मध्ये बेस्ट कामगारांचा नऊ दिवसांचा संप झाला. त्याच वर्षी जुलैत किमान भाडं थेट पाच रुपयांवर आणलं गेलं, एसीला सहा. प्रवासी खूश झाले, होणारच. पण भाडं कमी करायचं तर बस वाढवायच्या, म्हणजे स्वस्त आणि भरपूर, अशी ती योजना होती. स्वस्त झालं. भरपूर व्हायचं राहिलं. आणि 9 मे 2025 पासून किमान भाडं दहा रुपये, एसीला बारा. एका रात्रीत दुप्पट, तेही बस कमी असताना. शेअर रिक्षावाल्यांनी मनातल्या मनात पेढे वाटले असतील.

याच काळात स्वतःच्या बस कमी होत गेल्या. साधारण 2010 च्या सुमाराला बेस्टकडे साडेचार हजारांच्या घरात बस होत्या, बहुतेक स्वतःच्या. जून 2019 मध्ये कामगार संघटनेशी झालेल्या करारात स्वतःच्या मालकीच्या 3,337 बस राखण्याचं बेस्टने कबूल केलं होतं. प्रत्यक्षात जुन्या बस आयुष्य संपून भंगारात जात राहिल्या आणि त्यांच्या जागी स्वतःची नवी बस क्वचितच आली. 2025 पर्यंत स्वतःच्या बस काही शेकड्यांवर आल्या आणि भाड्याच्या धरूनही एकूण ताफा तीन हजारांच्या आत राहिला.

'नव्या बस दाखल' या बातमीचं कोडं इथे सुटतं. शंभर आल्याचं छापून येतं. त्याच तिमाहीत दीडशे भंगारात गेल्या तर त्याचा फोटो कुणी काढत नाही. याला एकच अपवाद: 15 सप्टेंबर 2023 ला डिझेलवरची शेवटची डबलडेकर रस्त्यावरून गेली, तेव्हा माणसांनी तिला हार घातले आणि डोळे पुसले. बाकीच्या साध्या एकमजली बस गुपचूप गेल्या, आणि गैरसोय नेमकी त्यांच्या जाण्याने झाली.

कंत्राटदार निघून गेला तर

स्वतःची बस बिघडली तर दुरुस्त होऊन परत येते. भाड्याच्या बसचा मालक बिनसला तर पूर्ण ताफाच जातो. हे मुंबईत घडून गेलंय, एकाहून जास्त वेळा. ठरलेल्या दरात परवडत नाही म्हणून कंत्राटदार मुदतीआधी बाहेर पडले आणि शेकडो बस थोड्या काळात दिसेनाशा झाल्या. त्यांत बऱ्याचशा मिनी आणि मिडी, म्हणजे छोट्या आणि मध्यम आकाराच्या बस होत्या, म्हणजे स्टेशनपासून वस्तीपर्यंत, चढावरच्या आणि अरुंद रस्त्यांवर जाणाऱ्या. जिथे मोठी बस वळत नाही तिथे पर्याय म्हणून दुसरी बस पाठवताही येत नाही.

दर का परवडत नाही, तेही समजून घ्यायला हवं. निविदेत जो सगळ्यात कमी दर भरेल त्याला काम, हा सरकारी रिवाज. काम मिळवायला दर खाली भरायचा, मग तो भागवायला कुठेतरी हात आखडायचा. आखडायला जागा दोनच: देखभाल आणि ड्रायव्हरचा पगार. त्यात मुंबईचा रस्ता. किलोमीटरवर पैसे, आणि बस कुर्ल्याच्या एलबीएस रोडवर अर्धा तास एकाच जागी. बस उभी आहे, ड्रायव्हर कामावर आहे, एसी चालू आहे, पण किलोमीटर होत नाही. म्हणजे कमाई नाही. त्या अडकलेल्या अर्ध्या तासाचं दडपण शेवटी स्टिअरिंगवरच्या माणसावर येतं.

आणि तो माणूस पगाराला बेस्टच्या ड्रायव्हरहून बराच खाली. दोघं एकाच आगारातून निघणार, एकाच मार्गावर तेवढीच वळणं घेणार, महिन्याच्या शेवटी घरी नेणार वेगवेगळं. ऑगस्ट 2023 मध्ये कंत्राटी ड्रायव्हरांनी काम बंद केलं ते याच मागणीवर, समान कामाला समान वेतन. आठवडाभर मुंबईचे बसस्टॉप तुंबले होते. प्रवासी कावले, ते समजण्यासारखं आहे. पण बस चालवणारा माणूस बेस्टचा राहिलेला नाही हे बऱ्याच जणांना त्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं.

9 डिसेंबर 2024 च्या रात्री कुर्ल्यात बस गर्दीत घुसून माणसं गेली, ती बसही भाडेतत्त्वावरचीच होती. चूक कुणाची हे न्यायालय ठरवेल. त्यानंतर ड्रायव्हरांच्या प्रशिक्षणाबद्दल जे प्रश्न विचारले गेले, विशेषतः साध्या गिअरच्या बसवरून इलेक्ट्रिक बसवर येताना किती दिवस शिकवायचं, ते आधी विचारायला हवे होते. प्रशिक्षणाचा खर्च कुणी करायचा, हा पुन्हा कराराचाच प्रश्न.

एकामागोमाग तीन

हा विषय बाजूला ठेवून त्या जुन्या तक्रारीकडे येऊ: अर्धा तास बस नाही, आणि मग एकाच नंबरच्या तीन येतात. लोकांना वाटतं ड्रायव्हर मुद्दाम एकत्र चहा पिऊन निघतात. तसं काही नसतं.

समजा दर दहा मिनिटांनी बस सुटते. पहिली बस सिग्नलला चार मिनिटं अडकली. पुढच्या स्टॉपवर नेहमीपेक्षा जास्त माणसं जमली. ती चढायला जास्त वेळ लागला, सुट्टे पैसे, ढकलाढकली, पुढच्या दारातून चढणारे एक आजोबा. आणखी उशीर, म्हणून त्यापुढच्या स्टॉपवर आणखी माणसं. मागून येणाऱ्या बसला मात्र स्टॉप रिकामे मिळतात, कारण माणसं पहिलीने उचललेली असतात. ती भराभर पुढे येते आणि पहिलीला गाठते. आता पुढची बस कोंबलेली, मागची मोकळी. तरी आपण पुढचीलाच लटकतो, कारण मागचीवर भरवसा नाही. त्याने उशीर आणखी वाढतो. यात आपलाही थोडा हात आहे, मान्य करायला हरकत नाही.

याचा हिशेब कागदावर मजेशीर दिसतो. तासाला सहा बस, दर दहा मिनिटांनी एक, तर स्टॉपवर केव्हाही आलेल्या माणसाला सरासरी पाच मिनिटं थांबावं लागतं. त्याच सहा बस दोन-दोनच्या जोडीने दर वीस मिनिटांनी आल्या, तर सरासरी थांबणं दहा मिनिटं. बस तेवढ्याच, डिझेल किंवा वीज तेवढीच, ड्रायव्हर तेवढेच. थांबणं दुप्पट. आणि नोंदवहीत काय लिहिलं जाणार? सहा फेऱ्या पूर्ण. किलोमीटर पूर्ण. बिल पूर्ण.

किलोमीटरवर आधारलेल्या करारात ही गोष्ट दिसतच नाही. दोन बसमधलं अंतर सांभाळलं का, हे मोजून त्यावर पैसे द्यायचे किंवा कापायचे, असं करता येतं. बसमध्ये जीपीएस आहे, मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये आपल्याला बस सरकताना दिसते, म्हणजे माहिती आहेच. लंडनमध्ये बस खासगी कंपन्याच चालवतात, तिकिटाचे पैसे तिथेही सरकारी संस्थेकडे जातात, पण प्रवाशाला वेळापत्रकापेक्षा किती जास्त थांबावं लागलं यावर कंपनीचा बोनस आणि कपात ठरते. तेव्हा भाड्याची बस म्हणजे वाईटच असं नाही. कशाचे पैसे देतो यावर सगळं आहे.

अ‍ॅपवरची बस अचानक गायब होते तेही अनेकदा यातलंच. उशीर फार झाला की पुढची फेरी वेळेवर सुटावी म्हणून बस अर्ध्या वाटेवरूनच वळवतात. वेळापत्रकाच्या दृष्टीने शहाणपणाचं, शेवटच्या चार स्टॉपवर उभ्या माणसांच्या दृष्टीने नाही.

इलेक्ट्रिक बसबद्दल थोडक्यात, कारण पुढच्या सगळ्या बातम्या त्याच येणार आहेत. इलेक्ट्रिक बस विकत घेणं महाग आणि चालवणं स्वस्त, म्हणून कंत्राटदाराने घ्यायची आणि वर्षानुवर्षं भाडं घ्यायचं, हा मार्ग सगळीकडे निघाला. इलेक्ट्रिक वाहनांना अनुदान देणाऱ्या केंद्राच्या फेम योजनेतून बेस्टला 340 बस अशाच आल्या. मोठी निविदा मात्र 1,400 बसची निघाली, मग आकडा 2,100 झाला, वाद उच्च न्यायालयात गेला, तिथून सर्वोच्च न्यायालयात, आणि निकाल लागला मे 2023 मध्ये. पुढे बस बनणार, येणार, आगारात चार्जर बसणार, त्यांना पुरेल एवढी वीजजोडणी मिळणार. बातमीत 'दोन हजार शंभर' हा आकडा पहिल्या दिवशी छापून आला होता. रांगेत उभ्या माणसाने तो तेव्हाच आपल्या खात्यात जमा धरला, आणि तिथून चिडचिड सुरू झाली.

याच सुमाराला शहराने मेट्रोवर हजारो कोटी खर्चले. मेट्रो 3 ऑक्टोबर 2025 मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली, आरेपासून साडेतेहतीस किलोमीटर. उत्तम गाडी आहे. पण स्टेशनाच्या सरकत्या जिन्यावरून वर आल्यावर घर किंवा ऑफिस उरतं दीड-दोन किलोमीटर, आणि ते अंतर बसनेच तोडायचं असतं. रिक्षाचं किमान भाडं फेब्रुवारी 2025 पासून 26 रुपये, आणि रिक्षा माहीम-शीवच्या दक्षिणेला, शहर भागात चालतच नाही. तिथे टॅक्सी, 31 रुपये. दोन्ही बाजूंनी रोज हे द्यायचं तर मेट्रोच्या तिकिटापेक्षा बाहेरचाच खर्च जास्त होतो.

तक्रार कुणाकडे करायची, याचीही पंचाईत झाली. बेस्टच्या कारभारावर नगरसेवकांची बेस्ट समिती असते. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आला, आणि समितीही गेली. भाडं दुप्पट झालं, मार्ग बंद झाले, कंत्राटं दिली गेली, तेव्हा 'आमच्या वॉर्डातली बस का बंद केली' असं समितीत उठून विचारणारं निवडून आलेलं माणूस नव्हतं. जवळपास चार वर्षं.

आता निवडून आलेली माणसं पुन्हा आहेत. त्यांना 'बस वाढवा' असं सांगून काही होत नाही, ते सगळेच सांगतात. विचारायचं ते असं: आमच्या मार्गावर गेल्या महिन्यात ठरलेल्यापैकी किती फेऱ्या धावल्या? दोन बसमध्ये जास्तीत जास्त किती अंतर पडलं? या वर्षी किती बस येणार आणि किती भंगारात जाणार, वजाबाकी करून सांगा. कंत्राटदाराकडून फेऱ्या बुडवल्याबद्दल किती दंड कापला? आणि बसमध्ये काही घडलं तर नुसता मार्ग क्रमांक लिहून पाठवू नका. एकाच मार्गावर वेगवेगळ्या मालकांच्या बस धावत असू शकतात. एमएच-01 ने सुरू होणारा गाडीचा नोंदणी क्रमांक, स्टॉपचं नाव आणि वेळ लिहा. ती बस कुणाची आणि बिल कुणाचं, हे त्या क्रमांकावरून शोधता येतं.